नवरा फिल्डला गेल्यावर संपर्क कसा ठेवायचा: नव्या फौजी घरांसाठी

आमच्या गडहिंग्लज-चंदगड भागात फौजेत असलेल्या कुणालाही गाव 'मेजर' म्हणतं. मग तो शिपाई असो की हवालदार. मेजरच्या बायकोला मात्र कुणी काही शिकवत नाही. लग्न होतं, सुट्टी संपते, हे काळी ट्रंक घेऊन बेळगावला गाडी पकडतात आणि आपण दारात उभ्या. सासूबाई म्हणतात, "होईल सवय." सवय होते, पण तोवर वर्ष-दोन वर्षं नुसती घालमेल.

माझ्या लग्नाला सतरा वर्षं झाली. त्यात ह्यांच्या तीन फिल्ड पोस्टिंग झाल्या. मामंजीही फौजेतलेच, त्यामुळे घरात जुन्या काळचं शहाणपण होतं आणि जुन्या काळच्या चुकाही. त्यातून जे हाती लागलं ते क्रमानं लिहिते. 'पीस'ला, म्हणजे छावणीच्या ठिकाणी पोस्टिंग असेल तर यातलं निम्मं लागणार नाही, तिथं कुटुंब बरोबर नेता येतं. हा लेख 'फिल्ड'साठी आहे: सीमेवरची पोस्ट, बर्फ, जंगल, आणि वेळ आली तर लढाई.

१. निघायच्या आधीची एक संध्याकाळ राखून ठेवा

सुट्टीचे शेवटचे दोन दिवस पाहुण्यांत जातात. म्हणून निघण्याच्या चार-पाच दिवस आधी, जेवणं झाल्यावर, दोघांनी वही घेऊन बसायचं. फोनमध्ये नको, वहीतच. फोन हरवतो, पाण्यात पडतो, पोरं लॉक करून ठेवतात.

वहीत हे उतरवून घ्या:

- आर्मी नंबर, रँक, रेकॉर्डवर आहे तसंच पूर्ण नाव, कंपनी, युनिट, पिन, आणि ५६ एपीओ की ९९ एपीओ (एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस)
- युनिटचा लँडलाइन नंबर, कंपनीच्या सीएचएमचा (कंपनी हवालदार मेजरचा) नंबर, आणि युनिट पुढं गेलं असेल तर मागं राहिलेल्या 'रिअर'चा नंबर
- त्याच कंपनीतल्या, आपल्या भागातल्या एका-दोघांच्या घरचे नंबर
- जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा नंबर

आणि ही कागदं एका पिशवीत:

- लग्नाच्या आणि मुलांच्या नोंदीच्या पार्ट टू ऑर्डरची प्रत
- डिपेंडंट कार्ड
- किंड्रेड रोलची (फौजेकडं नोंदवलेल्या घरच्या माणसांच्या यादीची) प्रत
- जॉइंट खात्याचं पासबुक
- दोघांचे एकत्र पासपोर्ट साइज फोटो, चार-सहा प्रती

पार्ट टू ऑर्डर म्हणजे काय, असं नव्या मुली विचारतात. लग्न झालं, मूल झालं, हे गावाला कळलं म्हणजे फौजेला कळलं असं नव्हे. युनिटमार्फत ती नोंद रेकॉर्ड ऑफिसला जावी लागते. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेकॉर्ड बेळगावला आहे. नोंद झाली नसेल तर कागदोपत्री तुम्ही त्याच्या कुणीच नाही, आणि अडीनडीला युनिटला फोन केला तर पहिला प्रश्न तोच येतो. माझी नोंद लग्नानंतर आठ महिन्यांनी झाली. कारण काय, तर लग्नाच्या दाखल्यावर माझं नाव एक आणि आधारवर दुसरं.

या वहीचे फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकू नका. का, ते आठव्या मुद्द्यात.

२. पत्ता नीट समजून घ्या

फौजी पत्त्यात गाव नसतं, जिल्हा नसतो, राज्य नसतं. तेच तर त्या पत्त्याचं काम. असा लिहायचा, इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत:

आर्मी नंबर, रँक, नाव
कंपनीचं नाव
युनिटचं नाव
पिन – (९ पासून सुरू होणारा सहा आकडी)
केअर ऑफ ५६ एपीओ (किंवा ९९ एपीओ)

पिनचा पहिला आकडा ९ म्हणजे सैन्य डाक. बाकीचे आकडे देशातल्या विभागांचे, हा एकटा फौजेचा. (पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली आणि ती बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी, संस्कृतात कविता करणारे. त्याच वर्षी १ मार्चला सैन्य डाक सेवेचं स्वतंत्र कोअर झालं. त्याचं प्रशिक्षण केंद्र आपल्या नागपूरजवळ कामठीला आहे.)

तुमचं पत्र गावच्या पोस्टातून निघतं आणि ५६ एपीओ असेल तर दिल्लीच्या, ९९ एपीओ असेल तर कोलकात्याच्या सेंट्रल बेस पोस्ट ऑफिसात जातं. आज कुठली पलटण कुठं आहे, हे तिथं ठाऊक असतं. तिथून फील्ड पोस्ट ऑफिस, तिथून युनिटचा डाकवाला, आणि पुढं रेशनच्या गाडीबरोबर, खेचरावर, नाहीतर हेलिकॉप्टरनं पोस्टवर. युनिट हललं तरी पत्र त्याच्या मागं जातं.

आता माझी चूक सांगते. पहिल्या फिल्डच्या वेळी ह्यांनी सहज जवळच्या गावाचं नाव सांगितलं होतं. मला वाटलं, पत्ता अर्धवट दिसतोय, पोस्टमनला सोपं जावं. म्हणून मी एपीओच्या खाली ते गाव आणि जिल्हा लिहिला. लिफाफा सैन्य डाकेऐवजी साध्या टपालात शिरला. पाच आठवड्यांनी तो माझ्याच दारात परत आला. पाठीमागं इतके शिक्के होते की माझं अक्षर दिसत नव्हतं. दुसऱ्यांदा तसाच लिहिलेला एक मात्र पोचला, आणि त्याचा परिणाम जास्त वाईट झाला: हे ओरडा खाऊन बसले. कुठली पलटण कुठं आहे, हे मी स्वतःच्या हातानं पाकिटावर लिहून पाठवलं होतं.

तेव्हा पत्त्यात जागेचं नाव कधीच नको. खासगी कुरिअरवाल्यांकडेही हा पत्ता नेऊ नका. ते एपीओला पोचवत नाहीत. काउंटरवरचा नवखा पोरगा पैसे घेऊन पावती देतो आणि मग पार्सल आठवडाभर फिरून परत येतं. भारतीय टपाल, एवढा एकच रस्ता.

३. सिम आणि ओटीपी

ही पायरी छोटी आहे, पण सगळ्यात जास्त बायका इथंच अडकतात.

जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम चालत नाही. गाडी तिकडं शिरली की फोन मुका. म्हणून निघण्याआधी गावातच त्यांचं सिम पोस्टपेड करून घ्या. आणि पोस्टपेडचं बिल कोण भरणार, तेही ठरवा. बिल थकलं म्हणून ऐन बर्फात फोन बंद झाल्याची दोन उदाहरणं आमच्याच गावात आहेत. ऑटो-पे लावा, नाहीतर बिल तुमच्या खात्यातून जाऊ दे.

दुसरं ओटीपीचं. पगाराचं खातं त्यांचं, नंबर त्यांचा, आणि ते अशा जागी की तिथं तीन-तीन दिवस रेंज नाही. इकडं शाळेची फी भरायची आहे आणि ओटीपी तिकडं बर्फात. यावर उपाय एकच: घरखर्चाचं वेगळं जॉइंट खातं, 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' (दोघांपैकी कुणीही एकट्यानं चालवू शकेल असं) लिहून घेतलेलं, त्याला तुमचा मोबाइल जोडलेला, आणि पगारातून दरमहा ठरलेली रक्कम आपोआप तिथं येणारी. गॅस, महावितरण, पोरांची शाळा, सगळ्या ठिकाणी तुमचा नंबर लावा. हे न केलेल्या घरांत आठवड्याचा एकुलता एक फोन "तो चार आकडी नंबर आला का बघा" यातच संपतो.

४. फोन: अनोळखी नंबर उचला

पोस्टवरून फोन येतो तो त्यांच्या नंबरवरून येईलच असं नाही. सॅटेलाइट फोन असतो, युनिटची लाइन असते, कुणाचातरी मोबाइल असतो. स्क्रीनवर विचित्र, लांबलचक किंवा 'अननोन' असा नंबर दिसतो. माझ्या भाच्यानं एकदा चांगल्या मनानं माझ्या फोनमध्ये 'अनोळखी कॉल शांत ठेवा' ही सोय चालू करून दिली. जाहिरातींचे फोन बंद झाले म्हणून मी खूश. अकरा दिवस ह्यांचा फोन नाही. मग शेजारच्या तायडीच्या फोनवर आला, "तुझी काकी फोन का उचलत नाही?" त्या अकरा दिवसांत चार वेळा रांगेत उभं राहून त्यांनी फोन लावला होता. तुमच्या फोनमध्ये ती सोय आणि स्पॅम अडवणारं अॅप आजच तपासा.

सॅटेलाइट फोनवर आवाज अर्धा-एक सेकंद उशिरा पोचतो. दोघं एकदम बोलायला लागलं की दोघांनाही काही कळत नाही. एक वाक्य बोला, थांबा. पूर्वी हा फोन महाग पडायचा. २०१७ च्या दिवाळीत सरकारनं जवानांसाठी दर मिनिटाला ५ रुपयांवरून १ रुपया केला आणि महिन्याचं ५०० रुपये भाडं काढून टाकलं. अलीकडं सियाचिनपर्यंत मोबाइलचे टॉवरही पोचलेत. पण टॉवर आहे म्हणजे बोलायला परवानगी आहे असं समजू नका. मोबाइल जमा करून घेतात ते दिवस वेगळेच.

फोन चार-सहा मिनिटांचा. त्यात आई आहे, पोरं आहेत, तुम्ही आहात. आमच्याकडं पहिली दोन वर्षं यावरून भांडणं झाली. सासूबाईंनी फोन धरला की रडण्यातच तीन मिनिटं जायची. आता ठरलंय: आधी सासूबाई, एक मिनिट, मग पोरं, मग मी. आणि सांगायच्या गोष्टी दारामागच्या कॅलेंडरच्या चौकटीत त्या-त्या दिवशी लिहून ठेवायच्या. 'ऊस गेला', 'धाकट्याचा दात पडला', 'सोसायटीचा हप्ता भरला'. फोन आला की कॅलेंडरसमोर उभं राहून वाचायचं. ऐनवेळी डोक्यात काही राहत नाही, आणि फोन ठेवल्यावर सगळं आठवतं.

रेंज कमी असते तिथं व्हिडिओ पाठवू नका, तो नुसता गोल फिरत राहतो. तीस सेकंदांचा व्हॉइस मेसेज चालतो. रोज एक. एकच टिक दिसेल. दिसू दे. डोंगर उतरून रेंजमध्ये आले की नऊ-दहा मेसेज एकदम पडतात आणि ते परत वर चढताना कान लावून ऐकतात. आमच्या ह्यांना सगळ्यात आवडलेला मेसेज माझ्या बोलण्याचा नव्हताच. चुलीवर भाकरी थापतानाचा आवाज, मागं कोंबड्या, आणि थोरली पाढे म्हणतेय.

५. पत्र लिहा, आणि कोपऱ्यात नंबर घाला

"आता पत्र कोण लिहितं?" असं म्हणू नका. मोबाइल जमा झाला की पत्रच उरतं. शिवाय फोनवरचं बोलणं संपतं, पत्र खिशात राहतं. मामंजींच्या ट्रंकेत १९९९ सालची निळी आंतर्देशीय अजून आहेत. घडीवर विरलेली, पण सासूबाईंचं अक्षर स्पष्ट.

नंबराची युक्ती मामंजींचीच. पत्राच्या उजव्या कोपऱ्यात तारखेसोबत क्रमांक घालायचा: १, २, ३. टपाल कधीच ओळीनं पोचत नाही. बर्फानं रस्ता बंद असला की महिन्याची डाक एकदम येते. क्रमांक असला की कुठलं आधी वाचायचं ते कळतं आणि मधलं गहाळ झालं असेल तर तेही. नंबर नसले की काय होतं बघा: "बाबांना घरी सोडलं" हे पत्र आधी हातात पडतं आणि "बाबांना दवाखान्यात नेलंय" हे त्यानंतर आठ दिवसांनी.

लांबलचक एक लिहिण्यापेक्षा आखूड चार बरी. आंतर्देशीय पत्र अडीच रुपयांचं, त्यात मावेल एवढंच. काय लिहायचं सुचत नसेल तर घरात फिरा आणि जे दिसेल ते लिहा. परड्यातलं फणसाचं झाड, गळकं कौल, वेशीजवळचा नवा गतिरोधक. 'तुमची आठवण येते' हे एका ओळीत येऊन जातं, पुढं काय? गतिरोधकावर दीड पान होतं.

एक गोष्ट जरूर करा. पोराचा पाय कागदावर ठेवून पेन्सिलीनं भोवती रेघ मारा आणि तो कागद पाठवा. मी हे पहिल्यांदा केलं ते बुटाच्या मापासाठी, कॅन्टीनमधून बूट आणायचे होते म्हणून. धाकटा तेव्हा अडीच वर्षांचा, गुदगुल्या होऊन पाय हलवत होता, त्यामुळे अंगठ्याजवळ रेघ दोनदा गेली. ह्यांनी तो कागद बंकरमध्ये लावला. मग दर तीन महिन्यांनी पाठवायला लागले. सुट्टीवर आले तेव्हा सहा पाय एकावर एक ठेवून उजेडाकडं धरून बघत बसले होते. बूट आणायचे राहूनच गेले.

६. पार्सल

दिवाळीचा फराळ पाठवायचा तर दसऱ्याच्या आतच निघायला हवा. राखी किमान तीन आठवडे आधी. थंडीत वाट बंद होणाऱ्या पोस्टसाठी याहूनही आधी, आणि ती तारीख त्यांनाच विचारा.

चकली पाठवू नका. पोचते ती भाजणी होऊन. चिवडा, शंकरपाळी, तिळगूळ, सुकी लसणाची चटणी, शेंगदाण्याची चटणी चालते. पिशवी बंद करताना आतली हवा दाबून काढा. उंचावर हवेचा दाब कमी, पिशवी फुग्यासारखी फुगते आणि शिवण उसवते. लोणचं, तेल, तूप, अत्तराचा स्प्रे, काडेपेटी, लायटर, पॉवर बँक यातलं काही नको. आणि एकट्यासाठी पाठवू नका. सेक्शनमध्ये दहा जण असतात, पार्सल फुटलं की पाच मिनिटांत रिकामं. अर्धा किलोच्या हिशोबानं पाठवणारी नवी बायको लगेच ओळखू येते.

पोस्टाच्या खिडकीवर 'रजिस्टर' मागू नका. २०२५ मध्ये ते स्पीड पोस्टातच मिसळलं. ट्रॅकिंग बघत बसायचं तर माझा अनुभव सांगते, दिल्लीच्या पुढं ते हलताना दिसत नाही. पार्सल मात्र हलत असतं.

७. फोन बंद पडतो तेव्हा

खरी परीक्षा ही. गप्प होण्याची कारणं बहुतेक वेळा साधी असतात: पेट्रोलिंगला गेलेत, मोबाइल जमा आहे, बर्फानं लाइन तुटली, बॅटरी गारठून मेली, पोस्ट बदलली, कोर्सवर गेलेत. म्हणून निघण्याआधीच विचारून ठेवा, "किती दिवस फोन आला नाही तर नेहमीचं समजू?" आमचा आकडा पंधरा आहे. पंधरा दिवस मी कुणाला विचारत नाही. सोळाव्या दिवशी आधी त्याच कंपनीतल्या दुसऱ्या घरी फोन करते. त्यांच्याकडंही आलेला नसेल तर जीव थोडा हलका होतो, कारण मग ती गोष्ट एकट्या आपल्या घराची नसते. त्यानंतर रिअरचा नंबर.

२०२५ च्या मे महिन्यात हा नियम मीच मोडायच्या बेतात होते. ६ तारखेच्या दुपारी ह्यांचा मेसेज, "जेवलो." ७ ला सकाळी टीव्हीवर ऑपरेशन सिंदूर. त्यानंतर माझ्या सगळ्या मेसेजना एकच टिक. सुट्टीवर आलेली गावातली पोरं ट्रंका भरून परत निघाली. घरात टीव्ही दिवसरात्र चालू. ८ च्या रात्री काही चॅनेलवाल्यांनी कराचीचं बंदर उद्ध्वस्त झाल्याचं सांगून टाकलं. सकाळी बंदर जागेवर होतं. सासूबाईंनी दोन दिवस अन्न घेतलं नाही. ९ तारखेला मामंजी उठले, टीव्हीची वायर काढली, गुंडाळली आणि स्वतःच्या ट्रंकेत टाकून कुलूप लावलं. काही बोलले नाहीत. सैन्याच्या हालचाली थेट दाखवू नका, अशी सूचना सरकारनं चॅनेलवाल्यांना केली होतीच. आमच्या घरात ती मामंजींनी अमलात आणली.

१० ला गोळीबार थांबल्याचं कळलं. फोन आला तो १२ च्या रात्री, दोन वाजून चाळीस मिनिटांनी, लांबलचक नंबरवरून.

"म्हैस व्याली का?"

"व्याली. रेडी झाली."

"बरं झालं. आईला सांग."

आणि कट. चाळीस सेकंद. मी सासूबाईंना उठवायला गेले, तर त्या जाग्याच होत्या.

त्या आठवड्यातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवा. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या याद्या, फोटो, 'आपल्या भागातला जवान' असले मेसेज पुढं ढकलू नका आणि त्यावरून कुणाच्या दारात जाऊ नका. आमच्या शेजारच्या गावात एका घरी अशा खोट्या मेसेजवरून बाया रडत जमल्या होत्या, आणि तो जवान तिकडं सुखरूप. वाईट बातमी असलीच तर ती युनिटकडून किंवा रेकॉर्डकडून, कागदावर नाव असलेल्या जवळच्या माणसाकडं येते. म्हणून तुमचा चालू मोबाइल नंबर आणि पत्ता रेकॉर्डवर बरोबर आहे ना, हे दरवर्षी त्यांना तपासायला लावा. नंबर बदलला की पहिलं काम ते.

८. काय विचारायचं नाही, काय टाकायचं नाही

"कुठं आहात?" हा प्रश्न सोडून द्या. अवघड जातं, पण त्यांना एकतर खोटं बोलावं लागतं किंवा नियम मोडावा लागतो. "थंडी आहे का? जेवण कसंय? झोप होते का?" यातून जेवढं कळायचं तेवढं कळतं. आडून सुचवायची युक्तीही नको. पहिल्या महायुद्धात युरोपातून घरी येणारी आपल्या शिपायांची पत्रं सेन्सॉरवाले उघडून वाचायचे, तेव्हा शिपाई लिहायचे की काळी मिरी संपत आली, आता लाल मिरची वापरतात. काळी म्हणजे हिंदुस्थानी शिपाई आणि लाल म्हणजे गोरे. सेन्सॉरवाल्यांना ते कळलं, म्हणून तर आज आपल्यालाही ठाऊक आहे.

२०२० च्या जुलैत लष्करानं जवानांना फेसबुक, इन्स्टाग्रामसकट ८९ अॅप मोबाइलमधून काढायला सांगितली. मग त्यांनी काढलेलं आपण आपल्या फोनवरून का टाकावं? वर्दीतला फोटो, खांद्यावरची खूण, रेल्वेचं तिकीट, 'मिस यू, बॉर्डरला निघाले' असलं स्टेटस, यातलं काही नको. आमच्याकडचा खास रोग म्हणजे फ्लेक्स. एसटी स्टँडवर फोटो, युनिटचं नाव, 'अमुक ठिकाणी रुजू झाल्याबद्दल हार्दिक शुभेच्छा', खाली पंधरा शुभेच्छुकांचे चेहरे. दिराला समजावून सांगा. ऐकला नाही तर सासऱ्यांना सांगा.

आणि फोन. "हेडक्वार्टरमधून बोलतोय, मेजर साहेबांच्या युनिटचं नाव आणि आत्ताची जागा कन्फर्म करा," असे फोन बायकांना येतात. गोड बोलतात, हिंदी चांगलं असतं, कधी नंबरही खरा वाटतो. हेडक्वार्टरला स्वतःची पलटण कुठं आहे हे तुमच्याकडून समजून घ्यायची गरज नसते. काही न सांगता ठेवून द्या आणि रिअरला कळवा. "तुमचे मिस्टर दवाखान्यात आहेत, पैसे पाठवा" हाही त्यातलाच प्रकार.

९. घरी अडचण आली तर

पूर्वी तार जायची: 'फादर सिरियस, कम सून'. तार सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण ती पद्धत आणि तिची बदनामी दोन्ही शिल्लक आहेत. सुट्टी मिळावी म्हणून इतक्या जणांचे बाप इतक्या वेळा सिरियस झाले, की आता साहेब लोक आधी खात्री करतात. म्हणून खोटं कळवू नका. खरी वेळ येईल तेव्हा कुणी विश्वास ठेवणार नाही.

खरी अडचण असेल तर हा क्रम:

- कंपनीच्या सीएचएमला किंवा रिअरला फोन. आर्मी नंबर, नाव, तुमचं नातं, काय झालं, कुठल्या दवाखान्यात, एवढं मोजकं सांगा. रडू येईल म्हणून आधी वहीत लिहून घ्या आणि वाचा.
- डॉक्टरांचं पत्र किंवा दाखला लगेच मागून ठेवा. शिक्का आणि तारीख हवीच.
- युनिटशी बोलणं होत नसेल, किंवा जमिनीची, भाऊबंदकीची, पोलिसातली भानगड असेल, तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. तिथं माजी सैनिकच जास्त दिसतात म्हणून नव्या बायका जात नाहीत. जा. चालू नोकरीतल्या जवानाच्या घरच्यांसाठीही ते आहे.

जवानाला वर्षाला ६० दिवस वार्षिक आणि ३० दिवस कॅज्युअल सुट्टी असते. त्यातली कधी मिळेल ते युनिटच्या गरजेवर. म्हणून सगळी सुट्टी लग्नाकार्यात आणि जत्रेत उडवू नका, थोडी शिल्लक असू द्या.

आता मला सगळ्यात महागात पडलेली गोष्ट. मामंजींना छातीत दुखून गडहिंग्लजला दाखल केलं तेव्हा हे वर पोस्टवर होते. घरातल्या सगळ्यांनी ठरवलं, सांगायचं नाही, उगाच काळजी. चार फोन झाले, मी प्रत्येक वेळी "सगळं बरंय" म्हटलं. पाचव्या दिवशी चुलतभावानं दवाखान्यातला फोटो स्टेटसला ठेवला. ह्यांनी मला रागावलं नाही, तेच वाईट. पण पुढचे सहा-सात महिने मी "सगळं बरंय" म्हटलं की ते फोन सासूबाईंकडं द्यायला सांगायचे, मग थोरलीकडं. प्रत्येकाला तोच प्रश्न. सहा मिनिटांचा फोन उलटतपासणीत जायचा.

तेव्हापासून निघण्याआधीच्या त्या संध्याकाळी आम्ही हेही ठरवतो: दवाखाना, अपघात, मरण लगेच सांगायचं. पैशाची ओढाताण, पोरांचे मार्क, सासू-सुनेचं भांडण पत्रात, किंवा सुट्टीवर आल्यावर. त्यांच्याकडूनही तसंच. लागलं तर लागलं म्हणून सांगायचं, कुठं आणि कसं ते नाही.

१०. सुट्टीवर आल्यावर

पहिले दोन दिवस काही विचारू नका, झोपू द्या. तिसऱ्या दिवशी वही काढा. कंपनी बदलली का, सीएचएम तोच आहे का, रिअरचा नंबर लागतो का, ते बघा. फटाके, कुकरची शिट्टी, रात्री दाराचा आवाज याला ते दचकतात का, हेही बघा. दचकत असतील तर त्यावर हसू नका आणि पोरांनाही हसू देऊ नका. महिनाभरात कमी होत नसेल तर मिलिटरी हॉस्पिटलला दाखवायला सांगा.

पोस्टिंग बदलली की पिन बदलतो. जुना पत्ता वहीत खोडू नका, त्यावर एक रेघ ओढा, म्हणजे तो वाचता येतो. आधी टाकलेलं टपाल महिनाभरानं परत आलं तर ते कुठल्या पत्त्यावरचं हे ताडून बघता येतं. आमच्या वहीत सात रेघा आहेत. आठवा पिन मागच्या सोमवारी लिहिला, आणि धाकट्याच्या पायाचा कागद त्याच पत्त्यावर टाकलाय. पत्र क्रमांक १.